माजी आमदारांना उत्पन्नाचा दाखला कोण मागणार?

जळकोट तालुका बालाघाटच्या डोंगररांगेतला. हलकी, उताराची जमीन. पावसाच्या भरवशावर सोयाबीन आणि तूर. आणि दसरा-दिवाळी सरली की ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागणारी धडधाकट माणसे. मागे गावात आणि तांड्यांवर उरतात ती म्हातारी माणसे व शाळकरी पोरे. ह्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द सतत येतो, तो म्हणजे 'पगार'. जन्मभर ज्यांनी दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबून दिवस काढले, ज्यांच्या हाती पगार म्हणून कधी काही पडले नाही, ती माणसे श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाला पगार म्हणतात. सरकारी कागदावर श्रावणबाळ योजनेच्या नावात 'राज्य निवृत्तिवेतन' असे भारदस्त शब्द आहेत. वृद्धांसाठी ही रक्कम २०२३ साली एक हजारावरून दरमहा दीड हजार रुपये करण्यात आली.

हे दीड हजार सहजासहजी मिळत नाहीत. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो. महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला लागतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. आधार आणि बँकेचे खाते एकमेकांस जोडलेले लागते. आणि एवढे झाल्यावरही आपण अद्याप जिवंत आहोत, हे दर वर्षी सिद्ध करावे लागते. खुरपे धरून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखू येत नाहीत, तेव्हा समोर जितीजागती उभी असलेली बाई कागदोपत्री संशयास्पद ठरते.

त्यातली उत्पन्नाची अट तर मुद्दाम तपासून पाहण्यासारखी आहे. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एका माणसाने शंभर दिवस खडी फोडली तर कुटुंबाचे उत्पन्न ३१,२०० रुपये होते, आणि म्हातारी आई अपात्र होते. म्हणजे सरकारने दिलेल्या हमीचा लाभ घेतला तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून नाव जाते. हा नियम अक्षरशः पाळला, तर जळकोट तालुक्यातच काय, महाराष्ट्रात श्रावणबाळाचा एकही लाभार्थी उरणार नाही. म्हणून सगळेजण थोडेसे खोटे लिहितात. अर्जदार खोटे सांगतो, दाखला देणारा ते जाणतो, मंजूर करणारा ते ओळखून असतो. गरिबाला असे कायम अपराध्याच्या पायरीवर उभे करून ठेवणे राज्यकर्त्यांस सोयीचे असते. केव्हाही नाव कमी करण्याची धमकी देता येते.

आता त्याच तिजोरीतून निघणारे दुसरे निवृत्तिवेतन पाहू.

ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने आमदारांच्या वेतनवाढीबरोबर माजी आमदारांचे निवृत्तिवेतन ४०,००० रुपयांवरून ५०,००० रुपये केले. विधेयक चर्चेविना संमत झाले. त्या हिशेबाने एक मुदत पूर्ण केलेल्या माजी आमदारास दरमहा ५०,००० रुपये मिळतात आणि पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी त्यात २,००० रुपयांची भर पडते. पंचवीस वर्षे सभागृहात काढलेल्या सदस्याचा आकडा ९०,००० होतो. ह्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वयाचीही अट नाही. पंचविसाव्या वर्षी निवडून आलेला आणि तिसाव्या वर्षी पडलेला गृहस्थ तिसाव्या वर्षी निवृत्तिवेतनधारक होतो. सदस्य असताना त्याने ह्या निधीत एक रुपयाही भरलेला नसतो. ५०,००० रुपये म्हणजे श्रावणबाळाच्या ३३ म्हाताऱ्यांचा महिन्याचा 'पगार'.

वाचकांस २०१६ हे वर्ष वेगळ्या कारणाने स्मरत असेल. त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरात आली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली. त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळी अधिवेशनात दुष्काळावर पक्षापक्षांत जे वाद झाले ते झाले; परंतु स्वतःच्या वेतनाचे आणि निवृत्तिवेतनाचे विधेयक पुढे आले तेव्हा सत्ताधारी व विरोधक असा भेदच राहिला नाही. आपला हात जगन्नाथ, ह्या म्हणीचे इतके शुद्ध उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु २०१६ हा केवळ एक टप्पा झाला. मूळ गोष्ट त्याच्या चाळीस वर्षे आधीची आहे, आणि आपल्या चळवळीतील तरुण कार्यकर्त्यांना ती ठाऊक नसते म्हणून थोडी विस्ताराने सांगतो.

१९५२ पासून जवळजवळ पाव शतक ह्या देशात माजी खासदारांना निवृत्तिवेतन नव्हते. घटनेच्या १०६ व्या आणि १९५ व्या कलमांत सदस्यांच्या वेतनाचा व भत्त्यांचा उल्लेख आहे, निवृत्तिवेतनाचा नाही. संसदेने खासदारांना निवृत्तिवेतन दिले ते सप्टेंबर १९७६ मध्ये. म्हणजे केव्हा? आणीबाणी चालू होती. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. विरोधी पक्षांचे अनेक खासदार व आमदार तुरुंगांत होते. महाराष्ट्र विधानसभेतल्या मृणाल गोरे त्यांपैकी एक. आणि ज्या लोकसभेने हा कायदा केला तिची मुदतच संपलेली होती. मार्च १९७१ मध्ये निवडून आलेल्या त्या सभागृहाची पाच वर्षे मार्च १९७६ मध्ये पुरी झाली; सभागृहाने आपले आयुष्य आपणच एका वर्षाने वाढवून घेतले. जनतेने दिलेली मुदत संपल्यावर, जनतेला विचारण्याचे टाळून, उसन्या आयुष्यावर जगणाऱ्या लोकसभेने आपल्या सदस्यांच्या उर्वरित आयुष्याची तरतूद केली. रक्कम होती दरमहा ३०० रुपये.

महाराष्ट्राने मागे राहण्याचे कारण नव्हते. आपल्या राज्याचा विधानमंडळ सदस्य निवृत्तिवेतन अधिनियम १९७६ चाच आहे. मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. मराठवाड्यात पाण्याच्या प्रकल्पांचे श्रेय त्यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या कारकिर्दीची ही आठवण कोणी काढत नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की १९७२ साली निवडून आलेल्या त्याच विधानसभेच्या काळात, १९७७ साली, वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आलेला रोजगार हमीचा कायदाही संमत झाला. जगात नाव घेण्यासारखा तो कायदा होता. मात्र रोजगार हमी राबणाऱ्या हातांना काम देते. हात थकल्यावर काय, ह्याचे उत्तर तिच्यात नव्हते. ते उत्तर विधिमंडळाने आधी स्वतःपुरते शोधून ठेवले होते.

आता पुढच्या तारखा पाहा. निराधारांसाठी संजय गांधी योजना महाराष्ट्रात आली १९८० साली, आमदारांच्या कायद्यानंतर. केंद्र सरकारला दरिद्री वृद्धांची आठवण झाली १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे खासदारांच्या निवृत्तिवेतनानंतर एकोणीस वर्षांनी. आणि रक्कम ठरली ७५ रुपये. खासदारांनी १९७६ साली स्वतःला जे दिले, त्याचा चौथा हिस्सा. २००६ साली केंद्राचा हा हिस्सा २०० रुपये झाला. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धांसाठी तो त्यानंतर २०० रुपयांवरच राहिला. ह्या काळात महागाई वाढली नाही असे नव्हे. ती वाढते हे संसदेला चांगले ठाऊक आहे, कारण २०१८ च्या वित्त अधिनियमान्वये खासदारांचे वेतन व निवृत्तिवेतन दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढेल, अशी व्यवस्था तिने करून घेतली. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये माजी खासदारांचे निवृत्तिवेतन २५,००० वरून ३१,००० झाले, आणि तेही एप्रिल २०२३ पासूनच्या थकबाकीसह. निर्देशांक दिल्लीत चढतो आणि जळकोटच्या म्हातारीपाशी येईपर्यंत थांबतो, असे कोणते अर्थशास्त्र आहे?

येथे आपल्यातलेच काही मित्र हरकत घेतात. ती हरकत दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ते म्हणतात, लोकप्रतिनिधींच्या मानधनावर टीका करणे हा सुखवस्तू मध्यमवर्गाचा आवडता छंद आहे. 'सगळे राजकारणी सारखेच' असे म्हणत तो मतदानालाही जात नाही. आपण त्याच्या सुरात सूर मिसळला तर राजकारण ही श्रीमंतांची मिरास होईल. कारण ज्याच्याजवळ कारखाना, संस्था किंवा ठेकेदारी आहे त्याला निवृत्तिवेतनाची गरजच नसते, गरज असते ती आपल्या फाटक्या कार्यकर्त्याला.

ह्यातला पूर्वार्ध मला पूर्णपणे मान्य आहे. प्रतिनिधीला वेतन मिळावे ही मागणी मुळात कामगारांची आहे. इंग्लंडमधील चार्टिस्टांनी १८३८ साली जी सहा मागण्यांची सनद काढली, तीत संसद सदस्यांना वेतन द्या ही एक मागणी होती. कारण वेतनाशिवाय गिरणीतला मजूर संसदेत बसू शकत नव्हता. ती मान्य व्हायला १९११ साल उजाडले. तेव्हा आमदारास वेतनच नको, असे जो म्हणेल तो आपला नव्हे. राज्याच्या सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पात माजी आमदारांचे निवृत्तिवेतन बंद करून तिजोरी भरेल, असेही मी म्हणत नाही. ती दिशाभूल होईल.

परंतु उत्तरार्ध खरा नाही. लातूरने १९६७ साली संयुक्त समाजवादी पक्षाचे डॉ. बापू काळदाते ह्यांना विधानसभेत पाठविले, तेव्हा निवृत्तिवेतनाचा कायदा नव्हता. पुढच्या अर्धशतकात निवृत्तिवेतन तीनशेवरून पन्नास हजारांच्या पल्ल्यापर्यंत गेले, आणि सभागृहात फाटक्या कार्यकर्त्यांची संख्या वाढली की कोट्यधीशांची? उत्तर सर्वांना माहीत आहे. निवडणुकीचा खर्च हेच खरे प्रवेशद्वार आहे. त्याला हात न लावता मागच्या दाराशी निवृत्तिवेतनाची थाळी ठेवल्याने गरीब माणूस आत येत नाही. गुजरातमध्ये माजी आमदारांना निवृत्तिवेतन नाही. तेथील राजकारण आदर्श आहे असे सुचविण्याचा माझा हेतू नाही, परंतु उमेदवारांची टंचाई पडल्याचेही ऐकिवात नाही.

आणि गरजू माजी आमदारांचीच काळजी असेल तर उपाय अगदी हाताशी आहे : त्यांनाही उत्पन्नाची अट लावा. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनंतर २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला आपल्या मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. म्हणजे दाखला आधीच दिलेला आहे, तोही शपथेवर, तोही सार्वजनिक. ज्याच्या शपथपत्रात कोट्यवधींची स्थावर-जंगम मालमत्ता आहे, त्याला दरमहा सरकारी मदत नाकारायला तलाठ्याच्या सहीची गरज नाही. जळकोटची म्हातारी २१,००० च्या रेषेवर अडविली जाते. माजी आमदारांसाठी आपण रेषा वीसपट वर ओढू, माझी हरकत नाही. पण रेषा असली पाहिजे. लाडक्या बहिणींची पडताळणी करण्यासाठी सरकारने २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची केली, कोट्यवधी बायकांना यंत्रापुढे उभे केले. माजी आमदारांची पडताळणी करायची म्हटली तर एका टेबलावर एका कारकुनाचे आठवड्याभराचे काम आहे.

निवृत्तिवेतनांच्या बेरजेचा प्रश्नही ह्यातच येतो. एकच व्यक्ती राज्यात आमदार, मग केंद्रात खासदार, मग आणखी कोठे पदाधिकारी होते, आणि प्रत्येक पदाचे निवृत्तिवेतन स्वतंत्रपणे जमा होत राहते. उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिल्यानंतर जगदीप धनखड ह्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये राजस्थान विधानसभेकडे आपले माजी आमदाराचे निवृत्तिवेतन पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज केला. त्यांत बेकायदा काही नव्हते. दोष कायद्याचा आहे. पंजाबने २०२२ साली एका माजी आमदारास एकच निवृत्तिवेतन असा कायदा केला. तोवर तेथे प्रत्येक मुदतीगणिक रक्कम चढत असे. जे पंजाबला जमले ते महाराष्ट्राला न जमण्याचे काही कारण दिसत नाही.

न्यायालयाकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. खासदारांच्या निवृत्तिवेतनाविरुद्ध 'लोकप्रहरी' ह्या संस्थेने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०१८ रोजी फेटाळली. हा विषय कायदेमंडळाच्या अधिकारातला आहे, असा त्याचा आशय. तेव्हा लढाई कायदेमंडळातच आणि त्याच्या बाहेर रस्त्यावर द्यावी लागणार.

रस्त्यावरच्या लढाईचा अनुभव अलीकडचाच आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन ह्याच विधिमंडळाच्या राज्यात काढून घेण्यात आले. त्यांनी पगारातून दहा टक्के भरावे, ते बाजारात गुंतवावे, जे निघेल ते घ्यावे, असे ठरले. मार्च २०२३ मध्ये शिक्षक, परिचारिका, कारकून आठवडाभर संपावर गेले तेव्हा 'तिजोरीला झेपणार नाही' हा युक्तिवाद त्यांना ऐकविला गेला. ऐकविणाऱ्यांचे स्वतःचे निवृत्तिवेतन बाजारात गुंतविलेले नव्हते. त्या संपामुळे सरकारला पुढील वर्षी काही पावले मागे यावे लागले, हे खरे. परंतु संप करण्याइतकी संघटना ज्यांच्यापाशी नाही त्यांचे काय? सहकारी साखर कारखान्यांतून आणि एसटीतून निवृत्त झालेले कामगार १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत येतात. त्यांची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरली. ती साडेसात हजार करा, म्हणून त्या वृद्धांनी डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण चालविले. ह्या कामगारांनी आयुष्यभर वर्गणी भरली होती. असंघटित मजुरांसाठी केंद्राने २०१९ साली योजना काढली तीही वर्गणीची : वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये भरा, साठीनंतर तीन हजार घ्या. ऊसतोडणी मजुराने कोयता चालवून वर्गणी भरायची, आणि जो त्याचे प्रतिनिधित्व करतो त्याने न भरता घ्यायचे, ही वर्णव्यवस्था कोणत्या स्मृतीत लिहिली आहे?

आपल्या पक्षापुरते बोलायचे तर मधू लिमये ह्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लोकसभेने आपली मुदत वाढवून घेतली तेव्हा ते तुरुंगात होते. वाढीव मुदतीचे सदस्यत्व आपल्याला नको, म्हणून त्यांनी व शरद यादव ह्यांनी राजीनामे दिले. पुढे त्यांनी माजी खासदाराचे निवृत्तिवेतनही घेतले नाही आणि स्वातंत्र्यसैनिकाचेही नाही. लेखन करून ते साधेपणाने राहिले. आपल्या सभांतून ही गोष्ट वारंवार सांगितली जाते, टाळ्या पडतात आणि सभा संपते. मला ह्या टाळ्यांचा थोडा कंटाळा आला आहे. एका निःस्पृह माणसाने नाकारल्याने कायदा बदलत नाही. उलट बाकीच्यांना 'ते थोर होते, आपण सामान्य' असे म्हणण्याची सोय होते. शिवाय आपल्यातही असे वृद्ध माजी आमदार आहेत की ज्यांनी घरदार चळवळीला दिले आणि ज्यांचे औषधपाणी ह्याच निवृत्तिवेतनावर चालते. त्यांनी ते घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. उत्पन्नाची अट लागली तरी त्यांना ते मिळेलच, आणि तेव्हा ते हक्काने मिळेल, कोट्यधीशांच्या पंगतीत बसून नव्हे.

रक्कम कोणी ठरवावी, हा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. इंग्लंडमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाच्या बिलांचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा त्या संसदेने ही बाब स्वतःच्या हातून काढून एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे सोपविली. तेथील खासदार आपल्या निवृत्तिवेतनासाठी पगारातून वर्गणीही भरतात. आपल्याकडे घटनेने वेतन ठरविण्याचा अधिकार विधिमंडळास दिला आहे. परंतु स्वतंत्र आयोगाच्या शिफारशीशिवाय वाढ करणार नाही, असे बंधन विधिमंडळ कायद्याने स्वतःवर घालून घेऊ शकते. त्या आयोगाला एकच अट घालावी : माजी आमदारांच्या निवृत्तिवेतनात ज्या प्रमाणात वाढ सुचवाल, त्याच प्रमाणात आणि त्याच दिवसापासून श्रावणबाळ व निराधारांच्या रकमेत सुचवा. दोन्हींचे नाव एकच आहे आणि दोन्ही एकाच तिजोरीतून निघतात, तर दोन्हींची दोरीही एक असू द्या. मग २८८ आणि ७८ सदस्यांच्या दोन सभागृहांत म्हाताऱ्यांच्या प्रश्नावर केवढा उत्साह येईल ते पाहण्यासारखे होईल!

तालुका शाखांच्या येत्या बैठकांत ह्या मुद्द्यांवर ठराव व्हावेत असे मला वाटते : १९७६ च्या अधिनियमात उत्पन्नाची व वयाची अट, एका व्यक्तीस एकच निवृत्तिवेतन, सदस्यकाळात वर्गणी, आणि वाढ श्रावणबाळाच्या वाढीशी जोडलेली. त्याचबरोबर श्रावणबाळाची २१,००० ची मर्यादा निदान रोजगार हमीच्या शंभर दिवसांच्या मजुरीवर तरी नेली जावी. ठराव करण्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावात किती वृद्धांचे अर्ज उत्पन्नाच्या कारणावरून नामंजूर झाले, ह्याची यादी करावी. जळकोट, उदगीर, मुखेड, कंधार ह्या डोंगरी पट्ट्यापासून आरंभ करता येईल. ऊसतोड टोळ्या परतल्या की घरोघर माहिती देणारी माणसेही भेटतील. ह्या लेखातील सूचनांवर ज्यांची हरकत असेल त्यांनी ह्याच पानावर अवश्य लिहावे. माजी आमदारांनी लिहिले तर अधिक बरे.